येसबाने सासूबाईंना डाळिंब दिलं

एका गावात एक भोळा जावई होता. गावाचं नाव लपवण्यात अर्थ नाही. ते आमचंच गाव, बोरखिंड. जावयाचं नाव येसबा, आणि तो घरजावई. दुसऱ्या एखाद्या गावाने असला जावई वेशीवरूनच परत पाठवला असता. आम्ही त्याला हार घातला, वाजतगाजत आत आणलं आणि वर पुरणपोळी वाढली. तेव्हा या गोष्टीत जास्त भोळं कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमचं गाव डाळिंबाचं. जिकडं बघाल तिकडं डाळिंबाच्या बागा. पण गावात डाळिंब खातं कोण? कुणीच नाही. चांगलं फळ क्रेटमध्ये भरून बाजारात जातं. तडकलेलं, डागी फळ घरी राहतं, आणि ते सोलत बसायला वेळ कुणाला आहे? शहरातली माणसं आमचं डाळिंब खाऊन लाल होतात आणि आम्ही त्यांचे लाल गाल बघून खूश होतो. आम्ही काही येसबाला हसायच्या लायकीचे नाही, हे आधीच कबूल करतो. पण हसलो. त्याला इलाज नव्हता.

येसबाची सासू गोदाक्का. नवऱ्यामागे बाग तिने एकटीने सांभाळलेली. जीभ मिरचीची, पण जावयावर जीव. येसबाला आई आठवतही नव्हती. लग्न होऊन तो या घरी आला आणि पहिल्याच दिवशी गोदाक्काने न विचारता त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तेव्हापासून येसबाच्या लेखी आई ती हीच. तो तिला आत्या म्हणायचा, ती त्याला जावईबापू.

ही गोदाक्का आजारी पडली. तोंड पांढरंफटक पडलं. चुलीपासून दारापर्यंत आली की धाप लागायची. येसबाची बायको हौसा, म्हणजे गोदाक्काची एकुलती एक लेक, तिला घेऊन तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोबत येसबा. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भपिशवीला मोठी गाठ होती. तिच्यापायी सारखं रक्त जात होतं.

"ऑपरेशन करून पिशवी काढावी लागणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अंगात रक्तच नाही तर मी हात कशी लावू? आधी रक्त वाढू दे. लोहाच्या गोळ्या देते, त्या चुकवायच्या नाहीत. पालेभाजी, कडधान्यं, गूळ-शेंगदाणे खाऊ घाला. बीपीची गोळी चालू आहे, ती तशीच चालू ठेवा."

"आन डाळिंब?" हौसाने विचारलं. "लोकं म्हणत्यात, डाळिंबानं रक्त वाढतं."

"एकट्या डाळिंबाने नाही वाढत. ते काही औषध नव्हे. पण फळ चांगलं आहे, घरचं आहे. द्या की रोज."

"आन न्हाईच वाढलं रक्त, तर?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर ऑपरेशन लांबेल. आणि रक्त जातच राहील. ते आपल्याला परवडायचं नाही."

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. येसबा भिंतीला टेकून उभा होता. आत्या गेली तर? हा विचार त्याने तिथल्या तिथे झटकून टाकला आणि कामाचं तेवढं पकडून ठेवलं. रोज डाळिंब द्यायचं. एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत तो पुटपुटत होता, रोज डाळिंब द्यायचं, रोज डाळिंब द्यायचं.

दुसऱ्या दिवशी हौसा बागेत निघाली. जाताना म्हणाली, "मी फवारणीचं बघते. तुमी आईला डाळिंब तेवढं द्या."

येसबा हुशारीने वागला. डागी फळ घेतलं नाही. बाजारात जायच्या क्रेटमधलं सगळ्यात मोठं, सगळ्यात लाल फळ काढलं, धोतराला पुसलं आणि गोदाक्काच्या हातात दिलं.

"आत्या, डाळिंब."

"द्या," गोदाक्का म्हणाली आणि तिने ते धरलं.

संध्याकाळी हौसा आली. बघते तर आई खाटेवर पडलेली आणि डाळिंब छातीवर, दोन्ही हातांत धरलेलं.

"आवं, आईला डाळिंब दिलं न्हाई?"

"दिलं की. त्ये काय, हातात हाय."

"आई, तू तरी बोलायचंस!"

"जावयानं मानानं दिलं," गोदाक्का म्हणाली. "मला वाटलं, डाक्टरीणबाईनं धराय सांगितलं आसंल."

हौसाने कपाळाला हात लावला. "आवं, आसं देत्यात व्हय? वरची साल काढायची. पांढरा पापुद्रा काढायचा. आत जे निघंल तेवढंच तिला द्यायचं."

येसबाने स्वतःच्या डोक्यात एक टपली मारली. "चुकलो. डोक्याच्या जागी दगड हाय माझ्या. पण आता कळलं." आणि तो घोकत बसला. साल काढायची, आतलं द्यायचं. साल काढायची, आतलं द्यायचं.

त्याच आठवड्यात हौसाच्या पुण्याच्या मावशीने एक बाटली पाठवली. बाटलीत लाल लाल कॅप्सूल. डाळिंबाचा अर्क, मावशीने फोनवर सांगितलं, ताकदीला फार चांगला. हौसाने शेजारच्या भागाबाईला विचारलं, देऊ का? भागाबाई म्हणाली, दे की, फळाचंच हाय, त्यानं काय व्हतंय. पारावर विषय निघाला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. फळाचंच आहे, त्याने काय होतंय? डॉक्टरीणबाईंना विचारावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. येसबाच्या डोक्यात आलं नाही याचं आम्हाला नवल नाही. आमच्या आलं नाही, हे सांगताना जीभ अडखळते.

हौसा बाटली येसबाच्या हाती देऊन बागेत गेली. "ह्यातलं सकाळ-संध्याकाळ आईला द्या."

येसबा बशी घेऊन दारात बसला. कॅप्सूल अंगठ्याच्या नखाने सोलली. टरफल बाजूला टाकलं. दुसरी सोलली. तेही टाकलं. बशीत लाल भुकटी जमली. गोदाक्काने आ केला आणि येसबाने भुकटी तिच्या जिभेवर ओतली.

गोदाक्काचं तोंड आतल्या आत आकसलं. डोळे मिटले. मग तिला ठसका लागला, ठसक्यातून शिंक आली, आणि बशीसकट सगळी भुकटी उडाली.

हौसा विसरलेली छत्री न्यायला परत आली आणि दारातच किंचाळली. आई लाल, नवरा लाल, मागची भिंत लाल.

"रगत! आवं, रगत कुणाचं?"

"कुणाचं न्हाई," येसबा म्हणाला. "आतलं आतलं काढून दिलं. त्येच आत्याला पटलं न्हाई."

हौसा मटकन खाली बसली. श्वास जागेवर आल्यावर ती बोलली, आणि बरंच बोलली. "आवं, ही गोळी हाय! गोळी सोलत न्हाईत! अख्खी तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं आन गटकन गिळायची!"

"चुकलो," येसबा म्हणाला. "ह्या येसबाला डाळिंब आन गोळी यातलं कळत न्हाई, तर ह्येला बागेत कशाला ठिवलाय? पण आता कळलं." आणि तो घोकू लागला. सोलायचं नाही, अख्खं गिळायचं. सोलायचं नाही, अख्खं गिळायचं.

तेव्हापासून गोदाक्का कॅप्सूल रीतसर गिळू लागली. थोड्या दिवसांत तिचं पोट बिघडलं. शिवाय खाटेवरून उठताना तिला गरगरायचं. सगळे म्हणाले, अशक्तपणा. पोटावर भागाबाईने उपाय आणला. डाळिंबाची वाळलेली साल. "हिचं पाणी घोटभर पाजा. पोट थांबंल."

हौसा तेव्हा नेमकी पाण्याच्या टाकीवर होती. साल येसबाच्या हातात पडली. ती चांगली कडक, काळपट आणि कानाएवढी होती. येसबाने पाण्याचा तांब्या भरला.

"आत्या, आ करा."

गोदाक्काने सालीकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, ही सोला तरी."

"सोलायची न्हाई," येसबा ठाम राहिला. "अख्खी. गटकन."

"घशात आडकंल हो."

"वरनं पाणी हाय की."

गोदाक्का भली बाई. जावयाचं मन मोडायला नको म्हणून तिने सालीचं एक टोक तोंडात धरलंसुद्धा. तेवढ्यात हौसा आली आणि तिने ती साल ओढून काढली. येसबाला वाटलं, गिळायला मदत करते आहे.

"आवं माझ्या द्येवा!" हौसा ओरडली. "ही गोळी हाय व्हय? ही पाण्यात घालायची. खळाखळा उकळायची. पाणी निम्मं आटवायचं. मग गाळायचं. घट्ट हाय त्ये उकिरड्यावर टाकायचं आन पाणी तेवढं ठिवायचं. त्येबी घोटभरच."

"चुकलो," येसबा म्हणाला. त्याने गोदाक्काचे पायच धरले. "आत्या, तुमच्या पदरात ह्यो धोंडा कुणी बांधला वं? पण आता कळलं."

"धोंडा तर धोंडा," गोदाक्का म्हणाली. "माझा हाय." आणि जावई मान खाली घालून घोकत असताना तिने तोंडाला पदर लावून हसून घेतलं. आजारपणात तेवढंच.

सालीच्या पाण्याने म्हणा, की त्या गडबडीत दोन दिवस कॅप्सूल द्यायच्या राहिल्या म्हणून म्हणा, पोट थांबलं. थांबलं तसं हौसाने कॅप्सूल पुन्हा चालू केल्या. आम्ही सगळे म्हणालो, हा भागाबाईचा गुण. आम्हाला कुठलाही गुण कुणालाही चिकटवता येतो.

मग गोदाक्काला बघायला तिचा भाऊ आला. शिदोजीमामा. तरुणपणी कुस्त्या केलेला माणूस, दाराच्या चौकटीत मावेना. बहिणीचं तोंड बघून तो हळहळला आणि अंगणात बसून राहिला. मामा आला म्हणून हौसाने गावरान कोंबडी आणली. आईच्या पोटातही चार घास चांगले जातील, असा तिचा हिशेब. कोंबडी साफ करून पातेल्यात टाकली आणि मसाला दळायला ती गिरणीत निघाली.

"आवं, चुलीवर पातेलं हाय. कोंबडीकडं बघा."

येसबाने कोंबडीकडं बघितलं. पाण्यात घातलेली होती. खळाखळा उकळत होती. पुढचं त्याला पाठ होतं. त्याने जाळ वाढवला. पाणी निम्मं आटवलं. फडकं घेऊन गाळलं. घट्ट होतं ते उकिरड्यावर नेऊन टाकलं. गल्लीतली सगळी कुत्री येसबाला तेव्हापासून फार मानतात.

हौसाने गिरणीतून आल्यावर पातेलं उचललं. ते हलकं लागलं. झाकण काढलं.

"कोंबडी कुठाय?"

"उकिरड्यावर," येसबा म्हणाला. "पण हौसा, पाणी एक थेंब सांडू दिलं न्हाई."

मामाने त्या दिवशी भाकरी पाण्यात कुस्करून खाल्ली. पैलवान माणूस, पण डोळे भरून आले होते. बहिणीसाठी की कोंबडीसाठी ते त्याने सांगितलं नाही.

हौसा मात्र आता रागावण्याच्याही पलीकडं गेली होती. तिचा आवाज कापत होता. "आई तिकडं वाळत चाललीय. तिच्या तोंडात घास जावा म्हणून मी धडपडतीय. आन तुमी! एक घास, नुसता एक घास आधी तुमच्या तोंडात टाकला असता तर कळलं असतं की, काय ठिवायचं आन काय टाकायचं! आता ऐका. यापुढं आईला जे काय द्यायचं, आईचं जे काय करायचं, त्ये आधी तुमच्यावर करून बघायचं. तुमाला सोसलं तरच आईला. कळलं?"

येसबाने बायकोला रडताना फारसं बघितलं नव्हतं. तो डोक्यात टपली मारायचंही विसरला. म्हणाला, "चुकलो. ह्ये मात्र हाडात मुरलं. आधी माझ्यावर, मग आत्यावर."

आणि खरंच मुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येसबाने गोदाक्काची सगळी औषधं ओळीने मांडली. लोहाची गोळी आधी स्वतः गिळली. बीपीची गोळी आधी स्वतः गिळली. कॅप्सूल स्वतः गिळल्या. हौसाने आईसाठी पेलाभर रस काढून ठेवला होता, तो स्वतः प्यायला. मग सोसतंय का बघायला तो बागेत जाऊन उभा राहिला.

सोसलं नाही. डाळिंबाच्या दोन ओळींच्या मध्ये येसबाला झाडं तिरपी दिसू लागली. त्याने मान तिरपी केली. तरी झाडं सरळ होईनात. मग तो आडवा झाला.

गावात बोंब उठली. फळं न्यायच्या टेम्पोतून येसबाला तालुक्याला नेलं. क्रेटच्या मधोमध त्याला निजवला होता. सोबत हौसा, आणि हट्टाने आलेली गोदाक्का. डॉक्टरीणबाईंनी त्याचं बीपी बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काय घेतलंत तुम्ही?"

"आत्याचं सगळं," येसबा पडल्या पडल्या म्हणाला आणि त्याने यादीच सांगितली. लोहाची गोळी, बीपीची गोळी, रस, आणि डाळिंबाच्या अर्काच्या कॅप्सूल.

"कसल्या कॅप्सूल?"

हौसाने पिशवीतून बाटली काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी ती वाचली. मग गोदाक्काकडं वळल्या. "तुम्ही हे रोज घेताय? बीपीच्या गोळीबरोबर? उठताना चक्कर येते?"

"गरगरतं की वं. आमी म्हटलं, अशक्तपणा."

"आणि मला कुणी सांगितलं का नाही?"

हौसा खाली मान घालून म्हणाली, "फळाचंच हाय म्हटलं. त्यानं काय व्हतंय."

डॉक्टरीणबाईंनी गोदाक्काचंही बीपी मोजलं. तेही बरंच खाली होतं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि शांतपणे सांगू लागल्या. दारात टेम्पोवाल्यासकट आम्ही बरेच जण उभे होतो, ते आम्हीही ऐकलं.

"डाळिंब खा. मूठभर दाणे, जेवणाबरोबर, खुशाल खा. पण अर्क म्हणजे फळ नव्हे. त्यात किती फळांचं काय काय उतरलंय ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. डाळिंबाचा अर्क बीपी खाली आणू शकतो. बीपीची गोळीही तेच करते. दोघांनी मिळून ओढलं की माणूस आडवा होतो, हा बघा पुरावा. रक्त पातळ करायची गोळी असेल, साखरेची गोळी असेल, त्यांनीही आधी विचारायचं. आणि ऑपरेशनच्या तोंडावर तर असले अर्क बंदच ठेवायचे. जे जे पोटात जातं ते ते डॉक्टरला सांगायचं. फळाचं असो नाहीतर पानाचं."

मग त्यांनी बाटली टेबलाच्या खणात टाकली आणि येसबाकडं बघून हसल्या. "पण खरं सांगू? आज यांनी आधी स्वतः घेतलं ते बरं झालं. धडधाकट माणूस, नुसती चक्कर आली. गोदाक्का एकट्या असताना विहिरीच्या काठावर अशा पडल्या असत्या तर?"

हौसा नवऱ्याकडं बघत राहिली. मग सगळ्यांच्या देखत, आमच्याही देखत म्हणाली, "शाणी म्हणून मिरवत व्हते मी. आईला मीच ढकलत व्हते की विहिरीत. तुमी व्हता म्हणून."

येसबाला जन्मात असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळ्या डाळिंबासारख्या लाल झाल्या. त्याचा मंत्र आता डॉक्टरीणबाईंनीही पास केला होता. आधी माझ्यावर, मग आत्यावर.

अर्क बंद झाला. गोदाक्काचं गरगरणं थांबलं. लोहाची गोळी, गूळ-शेंगदाणे, मेथीची भाजी आणि जेवणाबरोबर मूठभर दाणे, असं नेमाने चाललं. दाणे येसबा सोलून द्यायचा. आधी एक स्वतः खायचा, मग सासूला द्यायचा. गोदाक्काच्या गालांवर हळूहळू रंग आला. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त वाढलं. आता ऑपरेशन करू."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सगळे तालुक्याला पोचलो. आणि तिथं नवीनच घोटाळा झाला. गोदाक्का घाबरली. बाग एकटीने राखणारी, सापाला काठीने हाकलणारी बाई, पण हिरवे कपडे घातलेल्या सिस्टर बघून तिचे हातपाय गार पडले. सिस्टरने बीपी मोजलं. पुन्हा मोजलं. डॉक्टरीणबाई आल्या.

"आता फार वर गेलंय. असं असताना भूल देता येणार नाही. जरा शांत बसा. उतरलं तर ठीक, नाहीतर आजचं रद्द. आणि पुढची तारीख लवकर मिळायची नाही."

हौसाने आईला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. पाणी दिलं. पाठ चोळली. गोदाक्काने जावयाचा हात धरला. "जावईबापू, मला भ्या वाटतंय. आत न्हेऊन काय करत्याल, कुणाला म्हाईत?"

आत काय करतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी आधी करूनच बघितलं नव्हतं. आणि हे येसबाच्या आत्ता लक्षात येत होतं! त्याने स्वतःच्या डोक्यात टपली मारली.

"आत्या, तुमी भिऊ नगा," तो म्हणाला. "मी हाय."

आणि तो उठून गेला. हौसाला वाटलं, चहा आणायला गेला.

बोळात ऑपरेशनची ढकलगाडी उभी होती, वर हिरवी चादर. येसबाने चपला काढून भिंतीला नीट लावून ठेवल्या. गाडीवर आडवा झाला. चादर डोक्यावरून ओढून घेतली. थोड्या वेळाने दवाखान्यात काम करणाऱ्या दोन मावश्या आल्या.

"गोदाक्का का?"

"हं," चादरीखालून बारीक आवाज आला.

मावश्यांनी गाडी ढकलली. "बाई जड हाय गं," एक म्हणाली. "डाळिंबाच्या गावची हाय न्हवं," दुसरी म्हणाली.

आत दिवा लागला. डॉक्टरीणबाई हातमोजे घालून आल्या. सिस्टरने चादर खाली केली. चादरीखालून मिशा निघाल्या.

सिस्टर अशी ओरडली की बाकावरून हौसा आणि गोदाक्का धावत दारापर्यंत आल्या. त्यांच्या मागे आम्ही.

"येसबा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही इथं काय करताय?"

"आधी माझ्यावर, मग आत्यावर," येसबा म्हणाला. "मॅडम, तुमीच म्हणाला व्हता की, ह्यांनी आधी घेतलं त्ये बरं झालं. काढा माझी पिशवी."

"अहो, ती गर्भाची पिशवी! ती बाईमाणसाला असते! तुम्हाला नाही!"

येसबाने दोन्ही हातांनी स्वतःचं पोट चाचपून बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं.

आणि दारात गोदाक्का हसायला लागली. आधी पदराआडून, मग पदर सोडून, मग चौकट धरून. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. हौसा हसत होती आणि रडतही होती. मावश्या भिंतीला टेकल्या. आमचं तर सांगूच नका. गोदाक्का हसून हसून दमली आणि तशीच स्टुलावर बसली, तेव्हा सिस्टरने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. थोडं थांबून पुन्हा मोजलं.

"मॅडम, उतरलं की!"

डॉक्टरीणबाईंनी स्वतः बघितलं. "झालं तर मग. देऊ भूल. गोदाक्का, भीती वाटते अजून?"

"कशाची वं?" गोदाक्का डोळे पुसत म्हणाली. "माझा जावई आधी जाऊन पडलाय तितं. करा आता काय करायचं त्ये."

"येसबा, उतरा खाली. त्यांना निजू द्या."

येसबा उतरेना. त्याने गाडीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. तो मनापासून विचार करत होता.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "मला पिशवी न्हाई, ह्ये पटलं. म्हंजी काढायला सोपीच की. माझी नसलेली आधी काढून बघा. सोसली, तर मग आत्याची असलेली काढा."